फरक शून्य

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथे ते सुखाने पडून होतं. बाकी त्या चौसष्ट खोल्यांच्या हॉटेलात, तळघरातल्या धोबीखान्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, सगळे त्यांना अंदाजे म्हणत. तोंडावर अंदाजेसाहेब, पाठीमागे नुसतेच अंदाजे. हुद्दा उपव्यवस्थापकाचा. गंमत अशी, की या गृहस्थांना अंदाजे बोललेलं काडीइतकंही खपत नसे. कुणी सहज म्हणालं, "साधारण अकराला येतो," तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारत, "साधारण म्हणजे? दहा पन्नास की अकरा दहा?" येणारा माणूस मग येतच नसे.

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक काळा फळा होता. रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला अंदाजे वही काखेत मारून तिथे येत, कालचे आकडे ओल्या फडक्याने पुसत आणि खडूने उद्याचे लिहीत. नाश्ता त्र्याऐंशी. टॉवेल दोनशे दहा. चादरी एकशे बारा. खडू खाली ठेवला, की बोटं झटकत एक पाऊल मागे येऊन बघत. देवघरात फुलं वाहिल्यावर माणूस जसं बघतो तसं.

आकडे हवेतून येत नसत. उद्या सोमवार असेल तर मागच्या चार सोमवारांची सरासरी, ही झाली बैठक. तिच्यावर मग कलाकुसर. एकच पिशवी घेऊन आलेला माणूस लवकर खाऊन निघतो. रात्री उशिरा आलेला नाश्त्याला येतच नाही. परीक्षेला आलेली मुलं काही खात नाहीत, त्यांचे आईबाप त्यांच्या वाटणीचंही खातात. शंभर जणांनी खोली राखून ठेवली तर सात जण उगवत नाहीत. कुठले सात ते देवालाही आधी कळत नसेल, पण सात. म्हणून चौसष्ट खोल्यांसाठी अडुसष्ट जणांना बेधडक ‘या’ म्हणायचं. सकाळी आठ ते नऊ बिलाच्या खिडकीवर दोन माणसं बसवली तर पाहुण्याला चार मिनिटं थांबावं लागतं, एकच बसवला तर अकरा. आणि अकराव्या मिनिटाला पाहुण्याला खोलीतल्या सगळ्या तक्रारी आठवतात. हे सगळं त्यांनी हातात घड्याळ घेऊन, कुंडीतल्या झाडाआड उभं राहून शोधून काढलं होतं.

वर्षाला एक याप्रमाणे एकोणीस वह्या झाल्या होत्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: अंदाज, प्रत्यक्ष, फरक. पहिलं दीड वर्ष सोडलं तर फरकाच्या रकान्यात खालपर्यंत शून्यं. एखादी गृहिणी पापड वाळत घालते, तशी ओळीने मांडलेली.

असा माणूस कुठल्या मालकाला नको असेल? मालकांना ते इतके हवे होते, की तिथेच सगळं अडलं होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला बसने सात तासांवरच्या एका लहान गावात मुख्याध्यापिकेची जागा मिळाली. बाई भूगोल शिकवत. त्यांनी ट्रंक भरली आणि विचारलं, "अहो, तुम्ही कधी येणार?"

"सहा महिने," अंदाजे म्हणाले. आयुष्यात त्यांनी वहीत न बघता सांगितलेला हा एकमेव आकडा.

दोन गल्ल्या पलीकडची भाड्याची जागा सोडली. ‘तात्पुरते’ म्हणून अंदाजे हॉटेलातच, चादरींच्या कोठीमागच्या खोलीत राहायला आले. खोली लांबीला अकरा पावलं, रुंदीला सहा, खाट धरली तर तीन. खिडकी होती, पण बाहेरून बॉयलरचा नळ असा गेला होता की ती चार बोटंच उघडे. त्या चार बोटांतून समोरच्या भिंतीचा तुकडा दिसे, आणि दुपारी साबणाची वाफ आत येई. जेवण हॉटेलचं, कपडे हॉटेलच्या धोबीखान्यात, झोप हॉटेलच्या चादरीत. स्वतःचं असं त्यांच्याकडे घड्याळ, वह्या आणि सहा महिने होते. त्या सहा महिन्यांची आता चार वर्षं झाली होती.

त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. दर तीन महिन्यांनी ते इस्त्रीचा शर्ट घालून मालकांपुढे उभे राहत.

"अंदाजे, तुम्ही गेलात तर फळ्यावर कोण लिहिणार?" मालक विचारत.

"कुणीही शिकेल, मालक."

"कुणीही? शेजारच्या हॉटेलात रोज सकाळी मारामारी. एक दिवस अंडी उरतात, दुसऱ्या दिवशी पाहुणे. आणि आमच्याकडे? एकोणीस वर्षांत आवाज नाही. सोन्यासारखा माणूस कुणी सोडतं का? चहा घ्या." आणि अंदाजे चहा घेऊन परत येत. सोन्याला तिजोरीत कसं वाटत असेल, ते त्यांना आता नेमकं ठाऊक झालं होतं.

या महिन्याच्या एक तारखेला मात्र बायकोचा फोन आला तो वेगळाच.

"अहो, शाळेखालच्या लॉजचा व्यवस्थापक मुलाकडे राहायला चाललाय. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. मालकीणबाई तीस तारखेपर्यंत थांबतील म्हणाल्या. त्यानंतर त्या भाच्याला बसवणार."

"किती खोल्या?"

"बारा."

"बाराच?" अंदाज्यांचा आवाज उतरला. "बारा खोल्यांना अंदाज कशाला लागतो? जिन्यात उभं राहून हाक मारली की सगळे हजर."

"मग मारा हाक!" बाई म्हणाल्या. "अहो, मी चार वर्षं एकटी जेवतेय. मला माणूस हवाय, सरासरी नको. आणि एक सांगते. ही जागा गेली तर मी पुन्हा शब्द टाकणार नाही. आणि विचारणारही नाही."

विचारणारही नाही, हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर अंदाजे इतके घाबरले नसते. वर्गात उद्याची सुट्टी सांगावी तितक्या शांतपणे त्या बोलल्या होत्या.

त्याच दुपारी अंदाजे शर्टाला इस्त्री न करताच मालकांकडे गेले. ते बघूनच मालकांना प्रकरण गंभीर असल्याचं कळलं. बराच वेळ पेपरवेट फिरवून झाल्यावर ते म्हणाले, "ठीक. माझी सूनबाई संख्याशास्त्र शिकलेली आहे. घरी बसून कंटाळलीय. तिला तुमचं सगळं शिकवा. सलग सात दिवस तिचा आकडा तुमच्यासारखा जुळला, की तुम्ही मोकळे."

अंदाज्यांना वाटलं, तुरुंगाची भिंत पडली. प्रत्यक्षात एक वीट हलली होती.

सूनबाई हुशार होती आणि मोकळी होती. पहिल्या दिवशी तिने खुर्ची ओढली, एकोणीस वह्यांचा ढीग पुढ्यात घेतला आणि म्हणाली, "काका, तुम्ही चहा सांगा, मी वाचते." आठवडाभर ती वाचत होती, संगणकात भरत होती. अंदाजे शेजारी बसून समजावत होते: एका पिशवीचा नियम, आईबापांचा नियम, पाऊस असला तर लोक उशिरा उठतात आणि जास्त खातात हा नियम. सूनबाई मनापासून मान डोलवी. म्हणे, "वा! हे भारीय." अंदाज्यांना इतकं कौतुक करून घ्यायची सवय नव्हती. ते लाजून खडूचे तुकडे मोजत बसत.

दहा तारखेला तिने वही मिटली आणि जरा अवघडून म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की, पोरी."

"हे फरकाचे रकाने. ही शून्यं."

"काय झालं त्यांना?"

"असं होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे नियम चांगले आहेत. फारच चांगले. त्यांच्यावरून माझा हिशेब सांगतो की तुम्ही रोज तीन-चारने चुकायला हवं. कधी सहाने. माणसं आहेत ती, काका. एखाद्याचं पोट बिघडतं, एखाद्याला जाग येत नाही. एकोणीस वर्षं पाहुणे तुमच्या फळ्याप्रमाणे भुकेले होतील, हे… हे मोजलेले आकडे नाहीत."

अंदाजे उठले. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. "प्रत्यक्षचा आकडा रोज कप्तान देतो. भोजनगृहाचा प्रमुख आहे तो. बावीस वर्षांची नोकरी. खोटं बोलायचा नाही."

"मी कुठे म्हणाले ते खोटं बोलतात?" सूनबाई म्हणाली. "एक दिवस मुद्दाम चुकीचा आकडा लिहून बघा ना. काय होतं ते कळेल."

मुद्दाम चुकीचा आकडा! शुद्ध शाकाहारी माणसाला एक दिवस मटण खाऊन बघा म्हणावं, तसा अंदाज्यांचा चेहरा झाला. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रविवार होता. हॉटेलात उणेपुरे एकेचाळीस पाहुणे होते. वही सांगत होती नाश्ता अडतीस. सहाचा ठोका पडला. अंदाज्यांनी आजूबाजूला बघितलं, एखादा भिंतीवर शिवी लिहितो तसं घाईघाईने फळ्यावर लिहिलं, नव्वद, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी सात वाजता ते भोजनगृहातल्या कुंडीआड जाऊन उभे राहिले.

साडेआठपर्यंत सगळं ठीक होतं. पाहुणे आले, ऑम्लेट, ब्रेड, केळं, चहा. सदतीस माणसं खाऊन गेली. वहीपेक्षा एकाने कमी, आणि अंदाज्यांच्या मनात चोरटा आनंद झाला. मग कप्तान दारात आला. उंच, पिकल्या मिशांचा, पांढऱ्या कोटातला माणूस. त्याने गळ्यातली शिट्टी हळूच वाजवली. मागच्या जिन्यावरून धोबीखान्याच्या मावशी वर आल्या, पदर खोचून, आणि त्यांच्यामागे धोबीखान्यातल्या अकरा बाया. सगळ्या शिस्तीत बसल्या. मग माळी आला. मग लिफ्ट दुरुस्त करायला आलेले दोघे, हातातले पाने तसेच घेऊन. मग पत्रं टाकायला आलेला पोस्टमन. त्याला कप्तानाने दंडाला धरूनच आणला होता. मग समोरच्या थांब्यावरचे टॅक्सीवाले, जथ्थ्याने. एक विमा विकायला आलेला गृहस्थ पाचव्या उकडलेल्या अंड्यावर येऊन गहिवरला होता.

"एवढी शेवटची सहा ताटं, मावशी," कप्तान घड्याळाकडे बघत कुजबुजला. "दहा वाजले की बंद करायचं आहे."

"मेल्या, माझं दुसऱ्यांदा झालंय. आता गळ्यापर्यंत आलं," मावशी म्हणाल्या. "काल काय झालं होतं साहेबांना? नव्वद!"

"असेल काही कारण. साहेबांचा आकडा आहे. खा."

शेवटचं ताट कप्तानाने उभ्याउभ्या, डोळे मिटून, औषध घेतल्यासारखं खाल्लं. मग मिशी पुसून कागदावर लिहिलं: प्रत्यक्ष नव्वद.

कुंडीतलं झाड हललं आणि त्याच्यामागून अंदाजे बाहेर आले.

विमावाल्याने प्रसंग ओळखून केळं खिशात घातलं आणि तो गेला.

"कधीपासून?" अंदाज्यांनी विचारलं.

कप्तान बुटांकडे बघत राहिला. मावशींनी मात्र पदर सोडला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "सतरा-साडेसतरा वर्षं झाली असतील. लपवून काय करायचं आता?"

"का पण?"

"का म्हणून विचारता? आठवतंय, एकदा अकरा ताटांचा फरक आला होता?"

अंदाज्यांना आठवत होतं. वहीच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये.

"त्या दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना इथे बसवलंत. फरक का आला, ते समजावून सांगायला. भिंतीवर हा एवढा कागद लावलात. त्यावर रेषा वर जायच्या, रेषा खाली यायच्या. दोन तास पंचवीस मिनिटं, साहेब. मी मोजली. माझी बहीण गावाहून आली होती, ती बाहेर बसून परत गेली. आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालात, माझंच चुकलं. पुढच्या आठवड्यात सातचा फरक, पुन्हा तो कागद."

"मग आम्ही ठरवलं," कप्तान हळूच म्हणाला. "अकरा ताटं खाणं सोपं."

"पण… पाहुणे जास्त आले तर?"

"नवराबायकोला एक धरतो, साहेब. लग्न झालंय त्यांचं."

"आणि टॉवेल?" अंदाज्यांचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होता. "दोनशे दहा टॉवेल?"

मावशींनी नजर चुकवली. "मळलेले एकशे नव्वदच निघाले तर वीस स्वच्छच धुतो. काही बिघडत नाही हो त्यांचं. अजून स्वच्छ होतात."

अंदाजे खुर्चीत बसले. एकोणीस वह्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या, पापडांसारखी ती शून्यं, आणि प्रत्येक शून्याआड बसून कुणीतरी मुकाट्याने दुसऱ्यांदा ऑम्लेट खात होतं. आयुष्यभर आपण जगाचा अंदाज घेत होतो असं त्यांना वाटत होतं, आणि जग इथे कोट घालून, शिट्टी वाजवून, त्यांचा अंदाज घेत होतं.

पण वाईट वाटता वाटताच त्यांच्या मनात दुसरा विचार आला आणि ते ताडकन उठले. हे सगळं खोटं होतं! म्हणजे ते सोनं नव्हतेच! पितळ होते. आणि पितळ कुणीही सोडतं.

ते धापा टाकत मालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. आपण किती सामान्य आहोत हे इतक्या उत्साहाने सांगणारा माणूस मालकांनी पहिल्यांदाच बघितला. "तेव्हा मालक," अंदाज्यांनी शेवट केला, "माझ्या आकड्यांत काही राम नाही. सूनबाईंचेच खरे. मला सोडा."

मालक खूप वेळ हसले. हसता हसता त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाले.

"अंदाजे, मी घाबरलोच."

"का, मालक?"

"अहो, मी त्या संगणकाच्या भरवशावर तुम्हाला सोडून द्यायला निघालो होतो! मला वाटत होतं हुशारी वहीत आहे. वही देऊन टाकली की काम झालं. पण तुमचा आकडा खरा होतो, कारण माणसं तो खरा करतात. उद्या सूनबाईचा संगणक म्हणाला त्र्याऐंशी आणि आले ऐंशी, तर त्याच्यासाठी कुणी तीन ताटं जास्त खाईल का? कोण खाईल? संगणकाला कधी रडताना बघितलंय कुणी?" त्यांनी टेबलावर थाप मारली. "ती सात दिवसांची अट मी मागे घेतो. तुम्हाला पर्यायच नाही. चहा घ्या."

अंदाज्यांनी चहा घेतला. त्यांना कळेना की आपण आत्ता काय केलं. एक वीट हलली होती, ती त्यांनी आपल्याच हाताने चुना लावून घट्ट बसवली होती.

एकच वाट उरली. त्याच दुपारी धोबीखान्यात जाऊन त्यांनी हात जोडले. "मावशी, कप्तान, माझ्यावर उपकार करा. पंधरा दिवस माझा आकडा चुकू द्या. रोज. चांगला सणसणीत. मालक वैतागतील आणि मला जायला सांगतील."

वाफेत उभ्या असलेल्या बायांनी एकमेकींकडे बघितलं.

"आणि कागद?" मावशींनी विचारलं.

"कागद नाही. रेषा नाहीत. शपथ."

"बरं," मावशी म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते अंदाज्यांना वाचता आलं नाही, कारण ते आकड्यांत नव्हतं. ते गेल्यावर त्या कप्तानाला म्हणाल्या, "बघितलंस? मालक त्यांना काढायला टपलेत. सूनबाईंना आणलंय जागेवर. बिचारे आपल्याला दोष लागू नये म्हणून स्वतःहून चुकायला निघालेत."

"अस्सं आहे होय!" कप्तानाच्या मिशा थरथरल्या. "मग आता एकाचाही फरक येऊ देणार नाही."

आणि आला नाही. अंदाज्यांनी पन्नास लिहिले, पन्नास झाले. सत्त्याण्णव लिहिले, टॅक्सीवाले नातेवाईक घेऊन आले. चिडून एक दिवस त्यांनी टॉवेल चारशे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर, व्हरांड्यात, जिन्याच्या कठड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे धुतलेले टॉवेल फडफडत होते, आणि मावशींचे हात कोपरापर्यंत सुरकुतले होते. ते हात बघून अंदाज्यांनी पुन्हा खरे आकडे लिहायला सुरुवात केली. दुसरं काय करणार? जेवढे ते हातपाय मारत, तेवढी माणसं त्यांना प्रेमाने घट्ट धरून ठेवत. शिव्या दिल्या असत्या तर पळून तरी जाता आलं असतं. न सांगता निघून जायचा विचारही त्यांनी केला. पण सकाळी फळा कोरा बघून कप्तान कसा उभा राहील, हे डोळ्यांपुढे आलं की पायातली चप्पल पुन्हा खाटेखाली जाई.

एकोणतीस तारखेला दुपारी बायकोचा फोन आला. लॉजच्या मालकीणबाईंनी उद्या संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

"अगं, इथे असं झालंय की…" अंदाज्यांनी सुरुवात केली.

"कारणं नकोत मला. मी फक्त एवढंच विचारते. उद्या रात्री किती ताटं वाढायची? एक की दोन? तुम्ही आकडेवाले. आकडा सांगा."

चौसष्ट खोल्यांचं पोट डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला एक की दोन ते सांगता येईना. पलीकडे शाळेची घंटा वाजली. बाई म्हणाल्या, "बरं, असू दे," आणि फोन ठेवला.

चार बोटांच्या खिडकीतून साबणाची वाफ आत येत होती. अंदाजे खाटेवर बसून राहिले. सहाला पाच मिनिटं असताना सवयीने पाय उठले, सवयीने वही काखेत गेली. फळ्यापुढे उभं राहून त्यांनी कालचे आकडे पुसले. नाश्ता शहात्तर, लिहिलं. टॉवेल एकशे अठ्ठ्याण्णव. चादरी शंभर. खडू खाली ठेवायला हात गेला आणि मध्येच थांबला.

पन्नास लिहिलं की पन्नास होतं. नव्वद लिहिलं की नव्वद. या हॉटेलात या फळ्यावर जे लिहिलं जाईल ते सकाळी दहाच्या आत खरं करून दाखवणारी माणसं आहेत. मग एकोणीस वर्षांत आपण एक ओळ कधीच कशी लिहिली नाही?

चादरींच्या खाली त्यांनी लिहिलं: उपव्यवस्थापक शून्य.

आणि एक पाऊल मागे येऊन बघितलं.

सकाळी साडेसातला दारावर थाप पडली. दारात कप्तान होता, पांढऱ्या कोटात, मागे मावशी आणि त्यांच्या मागे बाया.

"साहेब, उठलात का? फळा बघितला आम्ही," कप्तान म्हणाला. "खरा आकडा आहे ना? नव्वदसारखा नाही?"

"खरा आहे," अंदाजे म्हणाले. मग सगळंच सांगितलं त्यांनी, उभ्या उभ्या. बाई, ताटं, लॉज, तीस तारीख. सांगायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

"अहो, एवढंच होतं तर रेषा कशाला मारत बसलात इतकी वर्षं?" मावशी म्हणाल्या. "हे आधी सांगितलं असतं तर! चला गं, हात लावा."

बघता बघता खोली आवरली. शर्टांच्या घड्या हॉटेलच्या पद्धतीने पडल्या, वह्या चादरीत बांधल्या, खाटेवरचं अंथरूण निघालं. आठ वीसला अंदाजे बाहेरच्या दालनात उभे होते, चेहरा मुंडावळ्या नसलेल्या नवरदेवासारखा. थांब्यावरचा टॅक्सीवाला, ज्याने त्यांच्या सत्त्याण्णवातली तीन ताटं एकट्याने खाल्ली होती, गाडी दाराशी घेऊन आला होता. बस नऊची.

तेवढ्यात मालक जिन्यावरून उतरले. "हे काय चाललंय? अंदाजे! कुठे निघालात?"

अंदाज्यांच्या हातातली पिशवी आपोआप खाली जायला लागली. एकोणीस वर्षांची सवय. ती पिशवी कप्तानाने खालून वर उचलून धरली.

"मालक, फळ्यावर आहे," तो म्हणाला.

"काय आहे फळ्यावर?"

"उपव्यवस्थापक शून्य. साहेबांचा आकडा आहे. फरक आलेला चालत नाही आम्हाला."

"अरे, पण उद्याचा आकडा कोण देणार?"

"मी दिलाय," सूनबाई मागून म्हणाली. तिच्या बोटांना खडू लागला होता. "एक्क्याऐंशी. आणि सांगून ठेवते बाबा, तो तीन-चारने चुकेल. रोज चुकेल. आणि कुणी जास्तीचं खायचं नाही."

"आणि भांडणं झाली तर?"

"झाली तर मिटवू," मावशी म्हणाल्या. "निदान आमची पोटं तरी जागेवर येतील. जाऊ द्या हो मालक, माणसाची बायको वाट बघतेय."

मालकांनी अंदाज्यांकडे बघितलं. अंदाज्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मालकांना बहुधा ‘चहा घ्या’ म्हणायचं होतं, पण एवढ्या माणसांपुढे ते जमलं नाही. "पोचलात की फोन करा," एवढंच म्हणून ते वळले.

टॅक्सीपर्यंत सगळे आले. दार लावताना कप्तान खाली वाकला. "साहेब, आजचा नाश्ता शहात्तर लिहिलंत, ते मात्र मी पुरं करतो हं. तुमचा शेवटचा आहे."

"नको," अंदाजे म्हणाले. "कप्तान, आज मोजा. खरं मोजा. आणि जे येईल ते मला कळवा."

बस सुटली तेव्हा नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. अंदाजे खिडकीशी बसले होते. काच अडकली असेल अशा समजुतीने त्यांनी ती जरा जोर लावून ढकलली, तर ती सरळ शेवटपर्यंत उघडली आणि वाऱ्याने त्यांची वही मांडीवरून खाली पडली. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"दोन," ते म्हणाले.

पलीकडून बाईंनी बारीक आवाजात विचारलं, "अंदाजे?"

इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना या नावाने एकदाही हाक मारली नव्हती. ही हाक आहे की प्रश्न, ते त्यांना कळलं नाही. "बस चार वाजून दहा मिनिटांनी पोचते," ते सांगायला लागले आणि थांबले. मग म्हणाले, "साधारण चारला येतो."

साडेअकराला कप्तानाचा निरोप आला. नाश्ता प्रत्यक्ष एकाहत्तर. फरक पाच. अंदाज्यांनी पायाशी पडलेली वही उचलली, खिशातून पेन काढलं आणि बसच्या हिंदकळण्यात, वाकडातिकडा का होईना, रकान्यात पाच लिहिला. बराच वेळ ते त्या आकड्याकडे बघत होते. शेजारच्या माणसाला वाटलं, यांना काही आनंदाची बातमी आली असावी.